चढी बोली

गिऱ्हाईक न घेता गेलं म्हणून एबो बेंटसिलला कधी वाईट वाटत नसे. आक्रा शहरात सर्कल चौकातल्या उड्डाणपुलाखाली बावीस वर्षं जुने लॅपटॉप आणि फोन विकणाऱ्या माणसाला ते परवडतही नाही. पण त्या दिवशी दुपारी आलेला माणूस स्वस्त सोडून महाग घ्यायला निघाला होता. शांत, चष्मेवाला, कुठल्याशा दवाखान्यात हिशेब बघणारा. त्याने एबोच्या गाळ्यातला लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला, मग खिशातून फोन काढला आणि त्यावरचं एक चित्र एबोसमोर धरलं. म्हणाला, "तुमचा नऊशे सेडीला आहे. या बाईंचा नऊशे ऐंशीला. पण त्यांनी लिहिलंय बघा, झाकणाच्या डाव्या कोपऱ्याला ओरखडा आहे, बॅटरी तीन तास टिकते, चार्जर मूळचा नाही. तुम्ही म्हणता, अगदी नव्यासारखा. नव्यासारखा म्हटलं की मला भीती वाटते, बॉस." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. एबो हसला, कारण हसायची सवय होती. चित्राकडे त्याने नीट पाहिलं ते केवळ चुका काढण्यासाठी. लॅपटॉप ओळखीचाच होता, त्याच कंपनीचा, त्याच वर्षाचा. पण लॅपटॉपच्या खाली अंथरलेलं कापडही ओळखीचं होतं. निळ्यावर पिवळ्या गोगलगाईंची नक्षी, आणि कडेला चंद्रकोरीएवढा एक जळका डाग. तो डाग ईस्टरच्या दिवशी त्यानेच पाडला होता. रश्शाचं पातेलं चुलीवरून उचलून थेट टेबलावर ठेवलं होतं आणि मान्सा म्हणाली होती, "हात भाजला नाही ना?"

मान्सा त्याची बायको. ती घरबसल्या 'थोडंफार' विकते हे त्याला माहीत होतं. थोडंफार हा तिचाच शब्द, आणि त्यानेही तो कधी उलगडून पाहिला नव्हता. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने स्वतःच्या फोनवर ती लिलावाची साइट उघडली आणि 'टीचर मान्सा' या नावाखाली काय काय आहे ते बघत उभा राहिला. पान खाली सरकतच राहिलं. लॅपटॉप, गेम खेळायची यंत्रं, कानाला लावायचे हेडफोन, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे 'विकला गेला' अशी हिरवी पट्टी. खाली लोकांनी लिहिलं होतं: सांगितलं तसंच निघालं. बाईंनी स्वतः फोन करून विचारलं, चालतोय ना. देव भलं करो, टीचर. पंखा चालू असूनही त्याच्या मानेवर घाम आला. शेजारच्या गाळ्यातला लांते, फोनची कव्हरं विकणारा गा जमातीचा माणूस, मान वाकडी करून म्हणाला, "काय रे, कोण पोरगी आहे एवढी? कधीचा बघतोयस." एबो म्हणाला, "आहे एक मास्तरीण." लांते हसला आणि एबोही हसला. त्या हसण्यानंतर तोंडात राहिलेली चव दिवसभर गेली नाही.

हे सगळं त्यानेच तिला शिकवलं होतं. मान्सा ज्या खासगी शाळेत गणित शिकवायची ती शाळा बंद पडली, मुलगी केप कोस्टच्या शाळेत वसतिगृहात राहायला गेली, आणि रिकाम्या घरात मान्सा खिडक्यांच्या जाळ्या पुन्हा पुन्हा धुऊ लागली. तेव्हा तो एका रविवारी चर्चमधून आल्यावर तिला म्हणाला होता, "ये, तुला एक गंमत दाखवतो." टेमा बंदरावर उतरलेला जुना माल, कुठल्याकुठल्या देशांतून परत आलेला, ती साइट लॉट करून लिलावात काढायची. दर गुरुवारी दुपारी चारला बोली बंद. तो शिकवत होता आणि ती वर्गातल्या हुशार मुलीसारखी हनुवटीखाली मूठ धरून ऐकत होती. नफा विकताना होत नाही, घेतानाच होतो. पाचातला एक मेलेला निघणार असं धरूनच बोली लावायची. साइटचं कमिशन, टेम्याहून आणायचं भाडं, नवी बॅटरी, सगळं आधी वजा करायचं, आणि मग जे उरेल त्यातूनही थोडं हातचं ठेवायचं. आणि बोली कधी गोल आकड्यावर थांबवायची नाही, कारण सगळं जग गोल आकड्यावर थांबतं. पाच हजारांवर लोक दम घेतात, तेव्हा आपण पाच हजार चाळीस म्हणायचं. शेवटची बोली एकदाच, आणि मग हात खाली. चिडून पुन्हा बोली लावणारा माणूस माल घेत नाही, राग विकत घेतो. हे वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं होतं. ती म्हणाली होती, "तू शाळेत का नाही शिकवलंस रे?" त्या दिवशी त्याला किती उंच झाल्यासारखं वाटलं होतं हे आता गाळ्यात उभं राहून आठवताना त्याला स्वतःचीच चीड आली. पण ओरखडे लिहायचं त्याने शिकवलं नव्हतं. ते तिचं होतं. ती म्हणाली होती, दोष आधी सांगितला की माणूस बाकीच्यावर विश्वास ठेवतो. तो हसला होता. म्हणाला होता, मग दुकान उघडू नकोस, कबुलीजबाब घ्यायला बस.

आता तिच्या एका लॅपटॉपवर तीस-पस्तीस टक्के सुटत होते. हा आकडा त्याने मनातल्या मनात काढला. तो काढायचा नव्हता, पण बावीस वर्षांची सवय, भाव दिसला की वजाबाकी आपोआप होते. त्याचं स्वतःचं, गाळ्याचं भाडं, वीज गेली की जनरेटरचं तेल, नगरपालिकेचा माणूस, हे सगळं जाऊन आठावर आलं होतं. चांगल्या महिन्यात दहा. त्याला पैशाचं वाईट वाटत नव्हतं, हे तो स्वतःला वारंवार सांगत राहिला आणि ते खरंही होतं. पैसा घरातच येत होता. मुलीची फी या वेळी वेळेवर गेली होती, आणि ती कशी गेली हे त्याने विचारलं नव्हतं. ट्रोट्रोत, त्या खच्चून भरलेल्या मिनीबसमध्ये, खिडकीशी बसून ओडोर्कोरला घरी जाताना त्याला खुपत होतं ते वेगळंच. परकी माणसं तिला 'देव भलं करो, टीचर' म्हणत होती आणि ती त्यांना फोन करून विचारत होती, चालतोय ना. त्याला किती दिवसांत तिने असं काही विचारलं होतं?

घरी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि तळलेली मासळी होती, मिरचीची काळी चटणी होती. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, काय म्हणतंय तुझं ते. ती म्हणाली, चाललंय. मग तिचा फोन वाजला आणि तिने मासळीने माखलेला हात वर धरून डाव्या हाताने तो उचलला, वाचला, आणि हसली. मोठं हसू नव्हतं. एखादं गणित सुटल्यावर माणूस एकटाच हसतो तसं. एबोने काटा काढायच्या निमित्ताने मान खाली घातली. चाळिशीला टेकलेल्या आपल्या बायकोच्या चेहऱ्यावर असं काही फुलू शकतं आणि त्यात आपला काही हात नाही, हे कळणं म्हणजे आपल्याच घरात एक खोली अशी निघावी की जिची किल्ली आपल्याकडे कधी नव्हतीच.

खातं त्याने दुसऱ्या दिवशी गाळ्यात बसून उघडलं, जुन्या मालातल्याच एका फोनवर. नाव काय द्यावं म्हणून क्षणभर अडला. समोरून उत्तरेकडे जाणारी एक बस गेली, तिच्या कपाळावर 'सलागा' लिहिलं होतं. त्याने तेच लिहिलं. सलागा. आपण काय करणार आहोत हे त्याने स्वतःला सांगितलं नाही. नुसतं बघायचं, एवढंच म्हणाला.

त्या गुरुवारी वीस लॅपटॉपांच्या लॉटवर मान्साची बोली होती. तो तिची बोली ओळखत होता, गोल आकड्याच्या चाळीस पुढे. चारला काही मिनिटं असताना त्याने तिच्यावर साठ चढवले. फोनच्या काचेवर बोट टेकवलं तेव्हा छातीत काहीतरी सुटं झालं. लगेच वर तिचं नाव आलं. त्याने पुन्हा चढवले. पुन्हा तिचं नाव. शहराच्या दोन टोकांना ती दोघं होती, ती मुलीच्या खोलीत टेबलाशी, तो पुलाखाली गाड्यांच्या धुरात, आणि तो प्रत्येक खेपेला तिच्या दंडाला बोट लावत होता आणि ती प्रत्येक खेपेला वळून बघत होती. लग्न ठरायच्या आधी केप कोस्टच्या किनाऱ्यावर, होड्या ओढणाऱ्या माणसांच्या गर्दीत, तो असाच तिच्या मागून जाऊन तिच्या दुसऱ्या खांद्यावर टकटक करायचा. ती जिथे थांबणार हे त्याला माहीत होतं, कारण ती रेघ त्यानेच आखून दिली होती. रेघेच्या एक पाऊल अलीकडे तो थांबला. लॉट तिला मिळाला, पण हजारभर सेडी जास्त मोजून. तुझे पस्तीसचे पंचवीस झाले, तो मनात म्हणाला. त्या संध्याकाळी तो मुद्दाम लवकर घरी गेला, तिचा उतरलेला चेहरा बघायला.

चेहरा उतरलेला नव्हता. ती दारातच म्हणाली की आज कोणीतरी आलं होतं. एबो चप्पल काढता काढता थांबला, पण ती लिलावाबद्दल बोलत होती. इतके दिवस तिच्यासमोर असायचे ते आंधळे, गोल आकड्यांवर धापा टाकणारे. आज एक माणूस होता ज्याला कळत होतं. आकडा चढवताना तो घाई करत नव्हता, आणि जिथे लॉट परवडेनासा होतो तिथे, अगदी त्याच जागी, थांबला. "मी जिथे थांबले असते तिथेच," ती म्हणाली. "नाव सलागा. उत्तरेचा असणार. त्या लोकांत धीर असतो." ती भात वाढत होती आणि वाढता वाढता थांबून बोलत होती. हे मी तुला शिकवलंय, एबोच्या ओठांवर आलं. ते थांबणं माझं आहे. बावीस वर्षं उन्हात उभं राहून मी ते मिळवलं आणि एका रविवारी तुला फुकट दिलं. पण हे बोलायचं म्हणजे बाकीचंही बोलावं लागलं असतं. त्याने विचारलं, हजार सेडी गेले ना तुझे? ती म्हणाली, "गेले. पण मजा आली."

पुढचे गुरुवार असेच गेले. एबो बोली लावायचा आणि घरी येऊन सलागाची बातमी ऐकायचा. सलागा मोबाइलच्या लॉटमध्ये हात घालत नाही, त्याला ठाऊक असणार की त्यात चोरीचे निघतात. सलागाने आज हेडफोन सोडले, त्याला त्या कंपनीचे बनावट ओळखता येत असणार. एबोने ते सोडले होते कारण नेमकं तेव्हा एक गिऱ्हाईक आलं होतं. पण मान्साच्या तोंडून ऐकताना तो माणूस उभा राहत होता, उंच, कमी बोलणारा, सावकाश चहा पिणारा, सांगण्यासारखं काही असल्याशिवाय तोंड न उघडणारा. एबो बुटका होता आणि दिवसभर बोलायचा; बोलणं हाच धंदा. एकदा दाढी करताना आरशात बघून त्याला वाटलं, आपण आणि सलागा एका खोलीत असतो तर मान्सा कोणाकडे बघून बोलली असती. मग आपण काय विचार करतोय हे लक्षात येऊन वस्तरा थांबला. तरी उत्तर त्याला कळलेलं होतं.

एका गुरुवारी ती गुणगुणत केस विंचरत होती. चारला अजून अवकाश होता. एबो जेवायला घरी आला होता आणि दारात उभा होता. घरातून कुठे जायचं नव्हतं, तरी तिने बाहेर जायचा झंपर घातला होता, गळ्यात मणी. कोणी येणार आहे का, त्याने विचारलं. नाही, ती म्हणाली, लिलाव आहे ना. त्या दिवशी गाळ्यात परतल्यावर एबोने ठरवलं की सलागाला मूर्ख करायचं. बस्स झालं त्याचं शहाणपण. त्याने बारा गेम-यंत्रांच्या लॉटवर रेघ ओलांडली, पुढेही ओलांडली, जिथे ती तर थांबलीच पण कुठलाही शुद्धीवरचा माणूस थांबला असता त्याच्याही पुढे गेला, आणि लॉट घेतला. टेम्याहून माल आणून लांतेच्या गाळ्यामागे लपवला आणि तोट्यात एकेक करून विकला. घरी मात्र निकाल वेगळाच लागला. मान्सा दोन दिवस त्याच लॉटचा विचार करत होती. सलागाला त्यात असं काय दिसलं जे मला दिसलं नाही? तिने एबोलाच विचारलं. एबो म्हणाला, मूर्ख आहे तो, दुसरं काय. तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तू असंच म्हणणार." ती हे रागाने म्हणाली नव्हती. तो काय म्हणणार हे तिला बोलायच्या आधी ठाऊक होतं, इतकंच. आणि सलागा काय म्हणेल हे तिला ठाऊक नव्हतं.

तिने सलागालाच विचारलं. साइटवर एकमेकांना दोन ओळी लिहायची सोय होती. एबो पुलाखाली वाच्येवालीकडे उभा होता, केळीच्या पानात भात आणि चवळी, वर अंडं, तेवढ्यात खिशातला तो दुसरा फोन थरथरला. मान्साने लिहिलं होतं: नमस्कार. त्या बारा यंत्रांत तुम्हाला काय दिसलं ते सांगाल का? मी शिक्षिका होते, मला शिकायला लाज वाटत नाही. तुमच्यासमोर बोली लावली की त्या दिवशी मला झोप चांगली लागते. वाच्येवाली पैसे मागत होती आणि ते त्याला ऐकू येत नव्हतं. मला झोप चांगली लागते. ज्या पलंगावर ती झोपते त्याच्या दुसऱ्या कडेला तो झोपत होता, आणि तिला झोप कशी लागते हे त्याला सलागाच्या फोनवर कळत होतं. त्याने तिथेच, एका हातात पान धरून, अंगठ्याने उत्तर लिहिलं. काहीतरी तोडणारं लिहायचं होतं, तिला तो माणूस नकोसा व्हावा असं. लिहून झालं ते एवढंच: 'सगळ्यांना जे दिसतं ते मी बघत नाही.' पाठवल्यावर त्याला कळलं की असं वाक्य आपण आयुष्यात कधी बोललो नव्हतो. संध्याकाळी मान्साने ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

यानंतरचा लॉट मोठा होता. साठ लॅपटॉप, एका कुठल्याशा कंपनीने एकदम काढून टाकलेले. मान्सा आठवडाभर त्याची चित्रं मोठी करून बघत होती, बॅटऱ्यांचे भाव विचारत होती. यावर वर्ष निघेल, ती म्हणाली. एबोनेही ती चित्रं पाहिली आणि त्याला त्यात पडद्यांच्या कडांना पिवळटपणा दिसला. उन्हात किंवा ओलीत राहिलेला माल. हे तिला सांगावं असं एकदा मनात आलं. पण तो ओठ उघडायच्या आत ती म्हणाली की सलागा नक्की येईल यावर. एबोने ओठ मिटले. गुरुवारी तिने आपल्या रेघेवर हात खाली ठेवला. चिडली नाही, पुन्हा बोली लावली नाही, शिकवलं होतं तशी वागली. आणि शिकवणारा पुलाखाली उभा राहून वर वर जात राहिला, दुसऱ्या कुठल्यातरी व्यापाऱ्याशी, ज्याच्याशी त्याचं काही वैर नव्हतं. पुढच्या सहामाहीचं गाळ्याचं भाडं त्याने बाजूला ठेवलं होतं. ते त्यात गेलं. चारला काचेवर 'सलागा जिंकला' असं आलं तेव्हा लांतेने विचारलं, काय झालं, तुझा रंग का असा दिसतोय.

निम्मे पडदे पिवळे निघाले. बॅटऱ्या फुगलेल्या. गाळ्यात हा माल मांडता येईना, कारण मान्साने त्याची चित्रं तोंडपाठ केलेली होती आणि ती अधूनमधून डबा घेऊन यायची. शेवटी तो टेम्यालाच हाजिया रमातूकडे गेला. हाजिया म्हणजे बंदरावरची दलाल, जाडजूड, डोक्यावर पांढरी ओढणी, अडकलेल्या माणसांचा माल घेऊन दुसऱ्यांना देणारी. तिने खोके न उघडता त्याच्याकडेच पाहिलं आणि भाव सांगितला. त्याने घासाघीस केली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. हाजियाने प्यायला थंड पाणी दिलं, ते तसंच राहिलं. परतीच्या ट्रोट्रोत त्याला एक प्रकारचं समाधानही होतं. सलागा मेला. आता घरात त्याचं नाव निघणार नाही.

तीन-चार दिवसांनी, शनिवारी दुपारी तो घरी आला तर जिन्यापासून वरपर्यंत खोके होते. ते ओळखण्यासाठी वाकून बघायची गरज नव्हती. दोरीच्या गाठी त्यानेच बांधल्या होत्या. मान्सा मुलीच्या खोलीत जमिनीवर बसली होती, पुढ्यात लॅपटॉपचं पोट उघडं, तोंडात दोन स्क्रू. सगळं घर गरम धुळीच्या वासाने भरलं होतं. तिने स्क्रू हातावर काढले आणि सांगितलं की हे सलागाचे साठ, हाजियाकडून आले, त्याने घेतले त्याच्या निम्म्याहून कमी भावात. पडदे वाईट आहेत, पण तिसांचे भाग काढून उरलेले तीस उभे राहतील, आणि पडदा पिवळा आहे हे लिहून विकायचं. आजवर तिला इतका नफा कशातच सुटला नव्हता. हे सगळं ती मान खाली घालून सांगत होती, दुसऱ्याच कोणाच्या तरी धंद्याबद्दल सांगावं तसं. मग म्हणाली, हाजिया सांगत होती की माणूस भाव ऐकून नुसता मान हलवून उठला, मयतीहून आल्यासारखा होता. पाणीसुद्धा प्यायला नाही. तिला हे ऐकून वाईट वाटलं होतं. एवढा जाणता माणूस. काहीतरी घडलं असणार घरात. तिने त्याला लिहिलंही, पण उत्तर नाही. एबो दारात उभा होता आणि तिच्या आवाजातली ती कणव ऐकत होता. ती कणव त्याचीच होती, त्याच्याच न प्यायलेल्या पाण्याची, पण ती त्याला न शिवता त्याच्या बाजूने निघून जात होती, जिन्यावरून खाली, त्या उंच माणसाकडे. त्याला ते सहन झालं नाही.

"मान्सा," तो म्हणाला, "तो मीच."

तिने हातातले स्क्रू एका झाकणात ठेवले. तो आणखी बोलत राहिला, गिऱ्हाईक, गोगलगाईंचं कापड, बसच्या कपाळावरचं नाव, गाळ्याचं भाडं, सगळं उलटसुलट. भाड्याचं आलं तेव्हा ती एकदाच मान वर करून म्हणाली, किती? त्याने सांगितलं. तिने क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली की मग घरातून घरातच आलं, अधलं मधलं साइटने, ट्रकवाल्याने आणि हाजियाने खाल्लं. या खोक्यांतून भाडं निघेल, गाळा जाणार नाही. ती हे इतक्या झटकन बोलली की क्षणभर त्याला पुन्हा तेच खुपलं, तिची वजाबाकी आपल्याहून लवकर होते. ओरडेल, रडेल, म्हणेल माझ्यामागे हे उद्योग केलेस, अशी त्याची तयारी होती. त्यापेक्षा वाईट झालं.

"ते उत्तर," ती म्हणाली, "तूच लिहिलंस?"

"हो."

"सगळ्यांना जे दिसतं ते."

"हो."

ती उघड्या लॅपटॉपकडे बघत राहिली. "मला तो माणूस आवडला होता, एबो. भेटायचं वगैरे काही नव्हतं मनात. एवढ्या मोठ्या शहरात गुरुवारी चार वाजता माझ्यासारखाच विचार करणारा कोणीतरी बसलाय, एवढंच."

"पण तो मीच होतो ना," एबो म्हणाला. हे बोलताना आवाज मागणी केल्यासारखा झाला हे त्याला जाणवलं.

"तू होतास," ती म्हणाली. "तू तर रोजच असतोस." मग तिने स्क्रू उचलला आणि कामाला लागली. थोड्या वेळाने, वर न बघता, तिने त्याला दुसऱ्या खोक्याच्या दोऱ्या सोडायला सांगितल्या. तो बसला आणि आपल्याच हाताच्या गाठी सोडू लागला. त्या संध्याकाळपर्यंत दोघं शेजारी बसून पडदे तपासत होती, आणि ज्या ज्या पडद्याच्या कडेला पिवळेपणा होता तिथे ती बोटाने दाखवायची आणि तो म्हणायचा, आहे.

दिवस तसे चांगले गेले. साठातले पस्तीस उभे राहिले, भाडं निघालं. एबोने आपल्या गाळ्यातल्या वस्तूंवरही ओरखडे लिहायला सुरुवात केली, आणि लांते त्याला फादर म्हणू लागला. मान्साने त्या प्रकरणाचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही. जेवताना ती आता आपणहून सांगायची, काय विकलं, किती सुटले, पूर्ण आकड्यासकट. त्याला हवं होतं ते हेच, असं त्याला वाटलं होतं.

एका गुरुवारी सर्कलची वीज गेली म्हणून तो गाळा ओढून दुपारीच घरी आला. मान्सा टेबलाशी बसली होती, घरातल्या जुन्या झग्यात, केस नुसते बांधलेले. पंचवीस लॅपटॉपांचा लॉट होता, चांगला, स्वच्छ. तिने एकच बोली लावली होती, अगदी खालची, आणि तिच्यावर कोणी चढलं नव्हतं. एबो तिच्या मागे उभा राहिला, हातात तिच्यासाठी ओतलेला सोबोलोच्या लाल सरबताचा पेला. चार वाजायला आले तसं तिचं बोट पुढची बोली लावायच्या जागेपाशी जाऊन थांबलं, टेकलं नाही. काचेवरचे आकडे उतरत गेले. मग तिचं नाव आलं, हिरव्या पट्टीत. त्याने मनात वजाबाकी केली आणि ती पन्नास टक्क्यांच्या वर गेली. असा सौदा त्याला बावीस वर्षांत कधी लागला नव्हता. तो काहीतरी म्हणणार होता, वा, किंवा मान्सा, पार्टी दे.

ती अजून काचेकडेच बघत होती.

"कोणी आलंच नाही," ती म्हणाली. ते ती त्याला सांगत नव्हती.